अश्मयुगातले लोक काय खायचे हे शोधायचं कसं? नवीन लोकांसाठी पायरी-पायरीने

"आदिमानव काय खायचा?" असं कोणी विचारलं की पॅलिओ डाएटवाला म्हणतो मांस, दुसरा म्हणतो कंदमुळं, आणि दोघंही असं ठोकून सांगतात की जणू पंगतीला स्वतः हजर होते. पण आपल्या हातात असतं काय, तर फुटलेली हाडं, जळलेलं बी, झिजलेले दात आणि नशीब असेल तर वाळलेली विष्ठा. त्यातून अंदाज बांधायची पद्धत आहे, आणि ती तशी अवघड नाही, फक्त घाई केली की ती हमखास चुकते. तुम्ही पुरातत्त्वाच्या एमएच्या पहिल्या वर्षाला असाल, कुठल्या उत्खननावर व्हॉलंटियर म्हणून जाणार असाल, किंवा नुसते पेपर वाचून डोकं गरगरत असेल, तर खालच्या क्रमाने जा.

पहिली पायरी: प्रश्न छोटा करा, आणि काळाचा आवाका ठरवा

हे बहुतेक लोक सोडून देतात आणि डायरेक्ट हाडं मोजायला बसतात. आधी हे बघा की तुमच्या समोरची वस्तू किती काळाचं जेवण सांगतेय. विष्ठेचा अश्म, म्हणजे कोप्रोलाइट, एका माणसाच्या एक-दोन दिवसांच्या जेवणाबद्दल बोलतो. चूल काही संध्याकाळींबद्दल बोलते. कचऱ्याचा थर कदाचित शंभर-दोनशे वर्षांचा, आणि अनेक कुटुंबांचा एकत्र. दातावरचं एनॅमल लहानपणी बनतं, म्हणून ते बालपणाचं खाणं सांगतं, आणि मोठ्या माणसाच्या हाडातलं कोलॅजेन नावाचं प्रथिन शेवटच्या दहा किंवा त्याहून जास्त वर्षांची सरासरी देतं. म्हणजे एकाच जागेवरच्या या पाच गोष्टी पाच वेगवेगळी उत्तरं देतील आणि पाचही बरोबर असतील.

टेक्ससमधल्या कोनेहो शेल्टर नावाच्या खडकाच्या आडोशाला साधारण १५०० वर्षांपूर्वीची मानवी विष्ठा सापडली, त्यात विषारी सापाची खवलं, हाडं आणि चक्क विषाचा दात होता, म्हणजे कुणीतरी साप जवळजवळ अख्खाच खाल्ला होता. आता यावरून "तिथले लोक साप खायचे" असं लिहिणं सोपं आहे पण ते बरोबर नाही. एका माणसाने एक दिवस खाल्ला, एवढंच कळलं, आणि अभ्यासकांनाही तो रोजच्या जेवणाचा भाग नसून कदाचित काही विधीचा भाग असावा असं वाटलं. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: कुठली जागा, कुठला थर, कोणाचं जेवण, किती काळाचं.

दुसरी पायरी: स्वतः खणायला जाऊ नका

हे सांगावं लागतंय कारण लोक उत्साहात गावाबाहेरच्या टेकाडावर खुरपं घेऊन जातात. १९५८ च्या कायद्यानुसार उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं लायसन्स लागतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी थर न नोंदवता उकरलेलं हाड अभ्यासाच्या दृष्टीने वाया गेलेलंच असतं. विद्यापीठाच्या, डेक्कन कॉलेजच्या किंवा राज्य पुरातत्त्व खात्याच्या उत्खननाला मदतनीस म्हणून जा, आधी मातीच्या पिशव्या उचला, मग पुढचं.

तिथे गेल्यावर आधी माती समजून घ्या. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, ती हाडं खाऊन टाकते, त्यामुळे तिथे हाडं नसणं म्हणजे शिकार नसणं असं होत नाही. उलट गंगेच्या मैदानात, उत्तर प्रदेशातल्या प्रतापगड जिल्ह्यात सराय नाहर राय, महादहा, दमदमा या मध्याश्मयुगीन (म्हणजे शेतीच्या आधीच्या, शिकार करून नि रानातलं गोळा करून जगणाऱ्यांच्या) जागांवर हाडं बऱ्यापैकी टिकलीत. या तीन जागा अलाहाबाद विद्यापीठाच्या लोकांनी खणल्या, त्यातली महादहा १९७८ मध्ये कालव्याचं रुंदीकरण चालू असताना हाडं वर आल्यामुळे लक्षात आली. जुन्या नदीपात्रातून तयार झालेल्या तळ्याच्या काठी राहायची आणि पुरायची जागा, आणि जवळच जनावरं फाडायची जागा, असा सगळा सेट तिथे मिळाला. मी पुढे हीच जागा अधूनमधून घेणार आहे, कारण भारतातल्या शिकारी-संकलकांबद्दल शिकायचं तर इतकी चांगली उदाहरणं फार कमी आहेत.

तिसरी पायरी: चाळणी, आणि ती बारीक

तुम्ही कुठली चाळणी वापरता यावर तुमचा आदिमानव काय खातो ते ठरतं. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला स्टार कार नावाची प्रसिद्ध मध्याश्मयुगीन जागा आहे, तळ्याच्या काठावरची, ग्रॅहॅम क्लार्क यांनी १९४९ ते १९५१ मध्ये खणलेली. लाल हरणांची हाडं-शिंगं ढिगाने, पण माशाचा एक काटा नाही. तळ्याच्या काठावर राहून मासे नाहीत? मग लोकांनी कारणं शोधली, मासे अजून त्या तळ्यापर्यंत पोचलेच नसतील वगैरे, त्यावर पेपरही निघाले. या शतकात तिथे पुन्हा उत्खनन झालं, माती नीट धुऊन-चाळून बघितली, आणि पाइक, पर्च असे गोड्या पाण्यातले मासे सापडले. म्हणजे पन्नास-साठ वर्षं ज्याच्यावर चर्चा झाली त्यातला मोठा भाग बघायच्या पद्धतीचा प्रश्न होता.

तर हाताने वेचलेली हाडं ही मोठ्या जनावरांच्या बाजूने झुकलेली असतात, हे गृहीत धरा. कोरड्या चाळणीला ४ मिमी चालेल, पण प्रत्येक थरातून निदान काही माती २ मिमी आणि १ मिमीच्या चाळणीतून पाण्याखाली धुऊन घ्या. मासे, पक्षी, बेडूक, उंदीर, सगळं त्यातच येतं.

जळलेल्या बियांसाठी फ्लोटेशन. नाव मोठं आहे पण काम बादलीचं. दहा लिटर माती मोजून घ्या (न मोजता टाकली तर नंतर दोन थरांची तुलना करता येत नाही, आणि हे सगळे विसरतात), बादलीत पाणी, माती हळूहळू सोडायची, हाताने हलकं ढवळायचं, कोळसा झालेलं बी वर तरंगतं, ते पाणी ०.२५ ते ०.३ मिमीच्या जाळीतून ओतायचं, आणि वर काही येईनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा. आपली काळी माती असेल तर ती चिकट, ढेकळं सुटत नाहीत, मग आधी थोडा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भिजत ठेवा आणि तसं केल्याची नोंद लेबलवर करा. खाली बसलेला गाळ फेकायचा नाही! माशांचे काटे, दगडाच्या चिलप्या त्यातच असतात. वाळवणं सावलीत. उन्हात टाकलं की कोळशाला तडे जातात आणि संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे काळा चुरा उरतो.

एक सावधगिरी. आपल्याकडच्या उघड्या, कोरड्या जागांवर न जळलेलं, ताजं दिसणारं बी मिळालं तर ते बहुधा आजचंच आहे, मुंग्यांनी नाहीतर उंदरांनी आत नेलेलं. जळलेलंच धरा. अपवाद म्हणजे सतत पाण्याखाली राहिलेल्या जागा किंवा कडक कोरड्या गुहा.

चौथी पायरी: हाडं ओळखणं

पुस्तकातल्या चित्रांवरून हाड ओळखता येत नाही, हातात खरं हाड लागतं. म्हणून स्वतःचा छोटा संग्रह करा. खाटकाकडून बोकडाचे, मेंढीचे पाय, डोकं मागून घ्या, डुकराचं मिळालं तर उत्तम, कोंबडी तर घरचीच, बाजारातले चार-पाच जातींचे मासे. मंद आचेवर साबणाच्या पाण्यात उकळा, एन्झाइमवाला कपड्यांचा डिटर्जंट छान काम करतो, ब्लीच मात्र अजिबात नको, हाड भुसभुशीत होतं. प्रत्येक हाडावर बारीक अक्षरात प्राणी, नर-मादी, अंदाजे वय, डावं-उजवं. जंगलात पडलेलं चितळाचं शिंग दिसलं तरी उचलायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते गुन्हा ठरू शकतं. रानटी जनावरांसाठी संस्थेचा संग्रहच वापरा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये या विषयाची जुनी परंपरा आहे, १९४४ पासून तिथले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी गुजरातमध्ये लांघणज ही मध्याश्मयुगीन जागा खणली तेव्हा सांगाड्यांच्या कामात इरावती कर्वे त्यांच्याबरोबर होत्या, आणि तिथेच गेंड्याच्या खांद्याचं हाडही मिळालं. आजच्या मेहसाणा भागात गेंडा, हे वाचून आधी विश्वास बसत नाही, पण त्यावरून तिथलं त्या काळचं पाणी-गवत कसं असेल याचाही अंदाज येतो.

ओळखण्यातली आपल्याकडची सगळ्यात मोठी गोची म्हणजे काळवीट, शेळी आणि मेंढी. हाडं इतकी सारखी की तुकडा असला की अनुभवी माणूसही थबकतो. आणि यात नुसती नावाची चूक होत नाही, कारण काळवीट असेल तर शिकारी, शेळी असेल तर पशुपालक, म्हणजे सगळी कहाणीच बदलते. भारतातल्या काही मध्याश्मयुगीन जागांवरून आधी पाळीव जनावरांचे दावे झाले आणि नंतर त्यावर वाद झाले, ते काही अंशी याच कारणाने. दमदमाची हाडं डेक्कन कॉलेजच्या पी. के. थॉमस, पी. पी. जोगळेकर यांनी इतरांसोबत तपासली आणि ती सगळी रानटी प्राण्यांचीच निघाली, चितळ, बारशिंगा, रानडुक्कर, शिवाय कासव, मासे, पक्षी. याच थॉमस यांनी पवनकरांबरोबर काळवीट-शेळी-मेंढी यांच्या हाडांतले फरक दाखवणारा पेपर २००१ मध्ये लिहिला, तो प्रिंट काढून टेबलावरच ठेवा. आणि खात्री नसेल तर "मध्यम आकाराचा खूरवाला प्राणी" असं लिहा, कोणी हसणार नाही.

मग मोजणी. दोन आकडे असतात. ओळखता आलेल्या तुकड्यांची संख्या, तिला एनआयएसपी म्हणतात, आणि निदान किती जनावरं होती तो आकडा, एमएनआय. कासवाचं कवच फुटलं की पन्नास तुकडे होतात, तेव्हा पहिल्या आकड्याने बघितलं तर लोक नुसती कासवंच खात होते असं वाटेल. दुसऱ्या आकड्याने बघितलं तर एक कासव आणि एक बारशिंगा समान दिसतील, मांसाचा फरक जमीन-अस्मानाचा असला तरी. म्हणून दोन्ही द्यायचे. शिंपल्यांच्या ढिगांचं पण तसंच, ढीग बघून डोळे दिपतात, पण युरोपातल्या एका हिशोबाप्रमाणे एका लाल हरणाएवढ्या कॅलरी मिळवायला पन्नास हजारांवर कालवं लागतात. अर्थात हरण रोज मिळत नाही आणि कालवं ओहोटीला कुणीही काढून आणतं, म्हातारी माणसं नि पोरंसुद्धा, त्यामुळे कालवं फालतू असंही म्हणता येत नाही.

पाचवी पायरी: पण खाल्लं कोणी?

जागेवर हाड सापडलं म्हणजे माणसाने खाल्लं असं नाही. तरस आणतो, कुत्रा आणतो, आणि साळिंदर तर हाडं गोळा करून गुहेत कुरतडत बसतं. साळिंदराच्या दातांच्या खुणा रुंद, सपाट, एकाशेजारी एक असतात. मांसाहारी जनावराचे खड्डे आणि चरे वेगळे दिसतात. दगडी पात्याची खूण बारीक, इंग्रजी व्ही आकाराची, आणि सांध्यापाशी किंवा स्नायू चिकटतो तिथे येते, कारण माणूस कापतो ते कारणाने कापतो. नळी फोडलेली असेल तर दगडाचा घाव कुठे बसला ते बघा. नळीसाठी आपल्याकडे मटणाच्या ताटात भांडणं होतात, तेव्हाही ती कोणी सोडत नसणार. दहा पटीचं भिंग, तिरका प्रकाश, आणि घाई न करता हाड फिरवत राहणं, एवढ्यावर बरंच दिसतं. भाजल्याच्या खुणांवर मात्र लगेच उड्या मारू नका, जुन्या हाडांच्या वर नंतर कुणी चूल पेटवली तरी खालची हाडं जळतात.

आणि कुठलं हाड नाही याकडेही बघायचं, पण डोकं ठिकाणावर ठेवून. सी. के. ब्रेन या अभ्यासकांनी नामिबियात कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोकांनी खाऊन टाकलेल्या शेळ्यांची हाडं गोळा केली. शेळ्या अख्ख्या खाल्ल्या होत्या, तरी पुढच्या पायाच्या वरच्या हाडाचं खालचं टोक भरपूर मिळालं आणि वरचं टोक जवळजवळ नाहीच. कारण वरचं टोक मऊ, ते कुत्र्यांनी संपवलं. हेच जर जुन्या जागेवर दिसलं असतं तर कुणीतरी "शिकारी फक्त पायाचा खालचा भाग घरी आणायचे" असं पान भरून लिहिलं असतं. म्हणून कुठला भाग कमी आहे असं वाटलं की आधी विचारायचं, ते हाड टिकण्याएवढं घट्ट आहे का.

सहावी पायरी: कुठल्या ऋतूत

स्टार कारचंच पुढचं ऐका. क्लार्क यांनी शिंगांवरून म्हटलं की लोक हिवाळ्यात राहायचे. पण शिंग हे हत्यारांचं कच्चं मटेरियल आहे, ते साठवतात, इकडून तिकडे नेतात. १९८८ मध्ये लेग आणि रोली-कॉनवी यांनी हरणांच्या पिल्लांचे दात कुठपर्यंत आलेत ते तपासलं आणि उन्हाळ्याकडे बोट दाखवलं. शिकलेला धडा असा की दात हे खाल्लेल्या जनावराबरोबरच येतात, शिंगाचं तसं नाही.

आणि आपल्याकडे तर शिंगांचा नियम आणखीनच लंगडा. चितळ शिंगं वर्षभरात कधीही गाळताना दिसतो, त्याचा ठरलेला एकच महिना नाही. त्यामुळे युरोपच्या मॅन्युअलमधला तक्ता उचलून चितळाला लावू नका. त्याऐवजी पिल्लांचे दात, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची हाडं, आणि माशाच्या डोक्यातला खडा, ज्यावर वाढीच्या रेषा असतात. घोळ किंवा ढोमा आणलात तर डोक्यातून तो खडा काढून बघा, चांगला मोठा असतो.

सातवी पायरी: वनस्पती, जिथे सगळे फसतात

हाड टिकतं, भाजी टिकत नाही. कंद खाल्ला, मध खाल्ला, कोवळी पानं खाल्ली, फळ उभ्या उभ्या तोडून खाल्लं, मागे काही उरत नाही. १९६० च्या दशकात मानवशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी बोत्स्वानातल्या डोबे भागातल्या कुंग या शिकारी-संकलक लोकांचं खाणं रोजच्या रोज मोजलं, तेव्हा साधारण दोन तृतीयांश कॅलरी वनस्पतींमधून येत होत्या, त्यात मोंगोंगो नावाच्या कवचीच्या फळाचा वाटा मोठा. त्याच लोकांची वस्ती पाच हजार वर्षांनी खणली तर काय मिळेल? हाडं आणि थोडी कवचं. आता यावरून प्रत्येक प्राचीन माणूस शाकाहारी होता असंही म्हणू नका, बर्फाळ प्रदेशात दोन तृतीयांश वनस्पती आणायच्या कुठून. पण "वनस्पती सापडल्या नाहीत" हे वाक्य कधीच "खात नव्हते" असं वाचायचं नाही, हे मात्र पक्कं.

वनस्पती टिकल्या तर काय दिसतं त्याचं उदाहरण ओहालो-२. इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराच्या काठी, १९८९ मध्ये पाणी खूप खाली गेलं तेव्हा उघडी पडलेली जागा, डॅनी नाडेल यांनी खणली. वय २३,००० वर्षं, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी. झुडपांच्या फांद्यांच्या झोपड्या जळाल्या आणि मग पाण्याखाली गेल्या, हवा लागली नाही, म्हणून ९०,००० हून जास्त वनस्पती-अवशेष मिळाले. रानटी जव, बारीक दाण्याची भरपूर गवतं, एकोर्न (ओक झाडाचं फळ), बदाम, द्राक्षं, अंजीर, आणि सोबत मासे, पक्षी, हरणं. ज्या काळाबद्दल आपण फक्त शिकारीची चित्रं काढतो त्या काळात लोक गवताचे बारीक दाणे वेचत होते, आणि गवताचा दाणा वेचणं हे किती कंटाळवाणं काम आहे ते ज्याने वरई निवडली आहे त्याला विचारा. एका झोपडीतल्या दगडावर स्टार्चचे कण सापडले, जवाचे, म्हणजे दाणे दळले-कुटले जात होते.

स्टार्च बघायचं असेल तर मात्र सगळ्यात जास्त काळजी घ्या. दगड सापडल्यावर धुवायचा नाही, ब्रश मारायचा नाही, आजूबाजूच्या मातीचा नमुना वेगळा घ्यायचा (दगडावर आहे तेच मातीतही असेल तर ते दगडाचं नाही). लॅबमधल्या पावडरवाल्या हातमोज्यांना मक्याचं स्टार्च असतं, आणि मका तर अमेरिकेतला, तो १४९२ नंतर इकडे आलेला. मध्याश्मयुगीन दगडावर मका दिसला की समजा हातमोजा दिसला. बिनपावडरचे वापरा, टेबलाजवळ चहा-बिस्किट, पोळीचा डबा काही नको, आणि नुसती रिकामी काच ठेवून हवेतून काय पडतं तेही तपासत राहा.

आठवी पायरी: दात

माणसांचे सांगाडे असतील तर दातांपासून सुरुवात करा, कारण यात काही फोडावं लागत नाही. कीड, झीज, हिरड्यांचे रोग आणि दातांवरचा थर, चार गोष्टी. मोरोक्कोतली ताफोराल्त गुहा, वय साधारण १५,००० ते १३,७०० वर्षं, तिथल्या मोठ्या माणसांच्या जवळपास निम्म्या दातांना कीड होती! शेतीच्या आधीच्या लोकांत इतकी कीड म्हणजे काहीतरी गोडसर-पिठूळ रोज खाणं, आणि गुहेत एकोर्न, पाइन नट यांचे जळके अवशेष होतेच. पुढे २०२४ मध्ये आयसोटोपच्या (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, ते पुढच्या पायरीत) कामातूनही तिथे वनस्पतींचा वाटा मोठा असल्याचं दिसलं. उलट महादहाच्या दातांचा अभ्यास लुकाक्स आणि पाल यांनी केला, तिथे झीज जोरदार पण कीड कमी. जाडंभरडं, कचकच असलेलं, चावायला कष्टाचं अन्न. म्हणजे दोन्ही शिकारी-संकलकच, पण तोंड उघडल्यावर दोन वेगळे लोक.

दातांवरचा कडक थर डेंटिस्ट खरवडून टाकतात तोच, त्यात स्टार्च, वनस्पतींचे कण अडकून राहतात. इराकमधल्या शानिदर गुहेतल्या निअँडरथल माणसांच्या या थरात गवताच्या दाण्यांचं स्टार्च मिळालं, काही कण शिजवलेले वाटावेत असे. म्हणून म्युझियममध्ये सांगाडा "स्वच्छ" करायच्या भानगडीत कोणी पडत असेल तर हात धरा.

नववी पायरी: आयसोटोप, पण शेवटी

हे नवीन लोकांना सगळ्यात ग्लॅमरस वाटतं आणि म्हणून ते यापासूनच सुरुवात करतात, तसं करू नका. मुद्दा थोडक्यात असा. भात, गहू, बहुतेक झाडं-झुडपं ही एका प्रकारे कार्बन घेतात (सी-३), ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बरीच गवतं दुसऱ्या प्रकारे (सी-४), आणि हा फरक खाणाऱ्याच्या हाडात उतरतो. फक्त सी-३ वर जगणाऱ्याच्या कोलॅजेनमधल्या कार्बनचा आकडा (दर हजारी मोजतात) साधारण उणे २१ च्या आसपास, फक्त सी-४ वाल्याचा उणे ७ च्या आसपास. नायट्रोजन सांगतो अन्नसाखळीत तुम्ही कितव्या पायरीवर, दर पायरीला ३ ते ५ ने वाढतो. डेन्मार्कमध्ये टाउबर यांनी १९८१ मध्ये दाखवलं की तिथले मध्याश्मयुगीन लोक समुद्रातलं खात होते आणि नवाश्मयुगातले (शेती आल्यावरचे) जमिनीवरचं, आणि फरक अगदी स्पष्ट होता.

आता भारतात काय होतं. उष्णतेने कोलॅजेन नासतं, कित्येक हाडांतून काहीच निघत नाही. निघालं तर आधी कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २.९ ते ३.६ मध्ये आहे का बघायचं, नसेल तर तो आकडा कितीही आवडला तरी टाकून द्यायचा. दुसरं, सी-४ आकडा आला म्हणजे माणूस बाजरी खात होता असं नाही, काळविटाने सी-४ गवत खाल्लं आणि माणसाने काळवीट खाल्लं तरी तोच आकडा येतो. म्हणून त्याच थरातल्या हरणांची, डुकरांची हाडं आधी तपासावी लागतात, तो पाया नसेल तर माणसाचा आकडा हवेत लटकतो. तिसरं, दूध पिणाऱ्या बाळाचा नायट्रोजन आईपेक्षा वर असतो, कारण ते एका अर्थी आईलाच खात असतं, तेव्हा दोन वर्षांच्या मुलाला "जास्त मांस खाणारा" ठरवू नका. चौथं, नायट्रोजन वर असेल तर ते मांस असू शकतं किंवा नदीतले मासेही, आणि भरपूर समुद्री मासे खाणाऱ्याचं कार्बन डेटिंग चारेकशे वर्षं जुनं येऊ शकतं. आणि यात हाड कायमचं नष्ट होतं, म्हणून लेखी परवानगी, फोटो, मोजमापं, सगळं आधी.

शेवटची पायरी: लिहिणं

एक मोठा कागद घ्या, तीन रकाने पाडा. पहिल्यात काय सापडलं. दुसऱ्यात काय असतं तर सापडलं असतं, पण नाही. तिसऱ्यात काय असतं तरी सापडलंच नसतं. तिसरा रकाना भरताना हात आखडतो, पण तोच खरा कामाचा. दमदमा-महादहा भागासाठी पहिल्यात येतील हरणं, रानडुक्कर, कासव, मासे, झिजलेले दात. दुसऱ्यात पाळीव जनावर. तिसऱ्यात तळ्यातले कंद, कमळाचे देठ, मध, पानं, अंडी, किडे. मग वाक्य लिहा: "तळ्याकाठी राहणारे हे लोक अनेक प्रकारची रानटी जनावरं मारत होते, कासवं-मासेही घेत होते, आणि दातांवरून त्यांच्या खाण्यात भरड, चावायला कठीण पदार्थ बरेच होते, वनस्पतींचा वाटा या पुराव्यांवरून ठरवता येत नाही." एवढंच. "७० टक्के मांस, ३० टक्के वनस्पती" असं मात्र लिहू नका. असा आकडा दुसऱ्या कुणाच्या पेपरात दिसला तरी आधी चाळणी किती मिलिमीटरची होती ते शोधायचं, आणि ते दिलं नसेल तर त्या आकड्यावर पुढचं काही बांधायचं नाही.

आणि प्रत्येक महत्त्वाच्या थरातली थोडी माती न धुता, न चाळता पिशवीत बंद करून, आत-बाहेर दोन लेबलं लावून संस्थेच्या स्टोअरमध्ये जमा करा. आतलं लेबल पेन्सिलने लिहा, जेलपेनची शाई पहिल्याच पावसाळ्यात पसरते.